अंगणाची डागडुजी

(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या दिवाळीनंतर मावल्यास एका स्नेह्यांकडे जाण्याचा प्रसंग आला. आदिलाबाद शहराच्या दक्षिण अंगास, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर हे गाव आहे. एकेकाळचे हे खेडे. २०१६ साली तेलंगणातील जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा ते मंडळाचे ठिकाण झाले, आणि शहर तर त्याच्या वेशीला केव्हाच येऊन भिडले आहे. स्नेह्यांनी तेथे नवे घर बांधले आहे. घरापुढे अंगण, अंगणात तुळशीवृंदावन, आणि वृंदावनाभोवती भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवेगार गवत. वाकून पाहिले तेव्हा कळले की ते गवत उगवलेले नव्हते, अंथरलेले होते. आजकाल ज्याला कृत्रिम हिरवळ म्हणतात, ती ही.

त्या हिरवळीच्या मधोमध तळहाताएवढा काळा डाग पडला होता. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मुलांचा भुईनळा कलंडला आणि तेवढ्या जागेतील पाती वितळून त्यांचा खरखरीत गोळा झाला. दुसऱ्या एका ठिकाणी दोन पट्ट्यांमधला सांधा उसवून कडा वर आल्या होत्या, आणि त्यांत पाय अडकून धाकटी नात एकदा पडलीही होती. गृहस्थ म्हणाले, "एवढ्याशा डागासाठी सगळे अंगण उचलून नवे घालावे लागेल, असे विकणारे सांगतात." त्यांच्या वृद्ध मातोश्री ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "का म्हणून रे? शालीला भोक पडले तर शाल टाकतात की रफू करतात?"

मातोश्रींचा हा प्रश्नच आजच्या भाषणाचा विषय आहे. अंगणाची डागडुजी हा काही इतिहासाचा विषय नव्हे, असे श्रोत्यांस प्रथमदर्शनी वाटेल. राजे, लढाया आणि तह यांच्या इतिहासात अंगणाला जागा नाही, हे खरे. परंतु माणूस ज्या भूमीवर रोज पाऊल टाकतो ती त्याने कशी राखली, कोणी राखली आणि राखण्याचे कष्ट चुकविण्यासाठी त्याने काय काय केले, हाही एक इतिहासच आहे. आणि आपल्या स्नेह्यांच्या अंगणातील तो काळा डाग त्या इतिहासाचे अगदी अलीकडचे पान आहे.

सारवलेली भूमी

आदिलाबाद हा कापसाचा मुलूख. येथली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर अंगण करणे हे कसबाचे काम. जुनी माणसे प्रथम जमीन खणून खडे आणि मुळ्या वेचून काढीत, वर मुरूम पसरून पाणी शिंपीत, धुमसाने ठोकून घट्ट करीत, त्यावर चाळलेल्या मातीचा थर देऊन चोपण्याने चोपीत आणि सर्वांत शेवटी शेणकाल्याचा हात फिरवीत. शेणात गुरांना न पचलेले चाऱ्याचे तंतू असतात. हे तंतू मातीच्या कणांना धरून ठेवतात, त्यामुळे सारवलेल्या जमिनीची धूळ उडत नाही आणि लहानसहान भेग तेथल्या तेथे बुजते. शेतातले खळेही याच रीतीने होई. सुगीपूर्वी ते नव्याने सारवावे, मळणी झाली की त्याचे काम संपावे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आरंभ.

ही रीत एका भाषेची किंवा एका जातीची नव्हती. मराठी घरांत सडा घालून रांगोळी काढावी, तेलुगू घरांत कल्लापी शिंपून मुग्गू घालावा. दिवाळीच्या दिवसांत दंडारी नाचणारे राजगोंड गावोगाव फिरतात. त्यांचे स्वागतही अंगणातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी झाली. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला आणि त्याच जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. नकाशावर रेघ पडली. परंतु पैनगंगेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अंगणांत सकाळी पडणारा सडा एकच राहिला.

या सारवलेल्या अंगणाचा एक गुण ध्यानी घेण्याजोगा आहे. त्याची डागडुजी ही काही मोडल्यावर करावयाची गोष्ट नव्हती. ती दिनचर्येतच मुरलेली होती. अंगण रोज थोडे झिजे आणि रोज थोडे भरून निघे. जे साहित्य लागे ते गोठ्यातून आणि परसातून मिळे, आणि झिजून गेलेले पुन्हा मातीतच जाई. मात्र या गुणाचे गोडवे गाताना एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. पहाटे उठून ओणव्याने हे अंगण राखणारे हात स्त्रियांचे होते. शेण गोळा करणे, पाणी आणणे, सारवणे, आणि संध्याकाळी गुरे येऊन पुन्हा उकरून गेली तर मुकाट्याने दुसऱ्या दिवशी तेच करणे, यात त्यांची कंबर मोडली. तेव्हा फरशी आली, सिमेंट आले आणि सारवण गेले, याबद्दल पुरुषांनी हळहळावे आणि स्त्रियांनी सुटकेचा निःश्वास टाकावा, हे अगदी स्वाभाविक होते. आदिलाबादेत तर सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखानाच उभा राहिला होता. तो पुढे बंद पडला, परंतु सिमेंटचे अंगण टिकले.

हरळी आणि विलायती लॉन

सिमेंटच्या अंगणाला रंग नाही आणि गारवाही नाही. म्हणून हिरवळीची हौस आली. ती आपल्याकडे इंग्रजांच्या बंगल्यांतून आली, असे म्हणावयास हरकत नाही. इंग्लंडात पूर्वी हिरवळ कापण्यासाठी विळेवाले मजूर ठेवावे लागत किंवा मेंढ्या चाराव्या लागत. त्यामुळे ती श्रीमंतांची मिरास होती. १८३० साली ग्लॉस्टरशर परगण्यातील स्ट्राउड येथील एडविन बडिंग या यंत्रकाराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि मध्यम स्थितीतल्या माणसाच्या दारी हिरवळ आली. मौजेची गोष्ट ही की बडिंगला ही कल्पना कापडाच्या गिरणीत सुचली. लोकरी कापडावरील लव एकसारखी कातरण्यासाठी जे फिरत्या पात्यांचे यंत्र असते, तेच त्याने जमिनीवर चालविले. हिरवळ आणि कापड यांचे नाते असे पावणेदोनशे वर्षांहून जुने आहे. पुढे ते फारच घट्ट व्हावयाचे होते.

आपल्याकडच्या उन्हाला तोंड देईल असे हिरवळीचे गवत म्हणजे हरळी. गणपतीला आपण जी दूर्वा वाहतो ती हीच, आणि कापसाच्या शेतात शेतकरी जिला शिव्या देतो तीही हीच. इंग्रजीत हिला बर्म्युडा गवत असे नाव पडले आहे. हरळीचे धावते कांडे जमिनीवरून आणि जमिनीखालून सरकत जाते आणि पेरापेराशी मूळ धरते. म्हणूनच ती शेतातून उपटून निघत नाही, आणि म्हणूनच अंगणात तिला खळगा पडला तर पाणी मिळताच शेजारची कांडी त्या खळग्यात उतरून तो भरून काढतात. सारवलेले अंगण माणसाचा हात भरून काढी; हरळीचे अंगण आपले आपणच भरून येई. त्याबदल्यात ती पाणी मागे, कापणी मागे आणि ऊन मागे. यांपैकी ऊन तिला नाकारले गेले तेव्हा काय घडले, ती कथा आता सांगावयाची आहे; आणि त्यासाठी आपणांस मावल्याहून अमेरिकेस जावे लागेल.

घुमटाखालचे गवत

भुईवर कृत्रिम आच्छादन घालून खेळण्याची रीत आपल्या लोकांस नवी नव्हती. ज्या गावी गवताची खेळपट्टी राखणे परवडत नसे, तेथे काथ्याची चटई जमिनीवर ताणून, कडेने खिळे ठोकून तिच्यावर क्रिकेट खेळले जाई. पाकिस्तानात तर कसोटी सामनेही चटईवर होत. १९५९ च्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कराचीस जो कसोटी सामना पाहिला तो चटईवरचाच. गोलंदाजाचे पाऊल पडे तेथे ती चटई फाटे, आणि जिमखान्याचा माळी सुतळी आणि दाभण घेऊन ती शिवीत बसे. कृत्रिम हिरवळीच्या दुरुस्तीचा हा आपल्याकडील आद्य प्रकार म्हणता येईल.

अमेरिकेत याला वेगळे कारण घडले. कोरियातील युद्धानंतर तेथील विचारवंतांच्या ध्यानी आले की शहरातील तरुण खेड्यातील तरुणांपेक्षा अंगाने कच्चे आहेत, कारण त्यांना खेळावयास मैदान नाही. फोर्ड प्रतिष्ठानाने शाळांच्या इमारतींविषयी संशोधन करणारी जी शाखा काढली होती, तिने शहरी शाळांसाठी गवतासारख्या पृष्ठभागाची कल्पना पुढे मांडली. मॉन्सॅन्टो या रसायन कंपनीच्या केमस्ट्रँड या शाखेने तो नायलॉनच्या धाग्यांतून घडविला. १९६४ साली ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरी मोझेस ब्राऊन नावाच्या शाळेत हे 'केमग्रास' प्रथम मोठ्या प्रमाणावर अंथरले गेले. म्हणजे या वस्तूचा जन्म श्रीमंतांच्या हौसेतून झाला नाही. गच्चीच्या आणि गल्लीच्या मुलांना पळावयास मऊ भूमी मिळावी, हा तिचा मूळ हेतू होता, आणि तो चांगलाच होता.

परंतु तिला कीर्ती मिळाली ती ह्यूस्टन येथील घुमटामुळे. १९६५ च्या एप्रिलात टेक्सस राज्यातील या शहरी बेसबॉलसाठी ॲस्ट्रोडोम नावाचे छपराखालचे क्रीडागार उघडले. जगातील आठवे आश्चर्य असा त्याचा गाजावाजा झाला. घुमटाच्या पारदर्शक तावदानांतून ऊन आत यावे आणि खाली गवत वाढावे, अशी योजना होती. लावलेले गवत होते 'टिफवे ४१९', म्हणजे आपल्या हरळीच्याच कुळातील एक संकरित जात. दिवसाचे खेळ सुरू झाले तेव्हा तावदानांच्या झगमगाटात खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना. म्हणून तावदाने रंगविली. चेंडू दिसू लागला, पण ऊन अडले आणि गवत मेले. उरलेला हंगाम मेलेल्या गवताला हिरवा रंग फासून काढावा लागला. १९६६ साली तेथे केमग्रास अंथरले गेले. माल पुरेसा तयार नव्हता, त्यामुळे आधी आतले मैदान आणि उन्हाळ्यात बाहेरचे, असे ते टप्प्याटप्प्याने घालावे लागले. पट्टे एकमेकांस चेनने जोडलेले होते, जसे आपण बंडीचे दोन पदर जोडतो. घुमटाच्या नावावरून त्या गवताला ॲस्ट्रोटर्फ हे नाव पडले. जेम्स फारिया आणि रॉबर्ट राइट यांच्या नावे त्याचे पेटंट १९६७ साली मंजूर झाले.

मराठी वाचकाला या गवताची ओळख झाली ती हॉकीमुळे, आणि ती ओळख कडू होती. १९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूर येथे गवतावर भारताने विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर गेला. १९८० साली मॉस्कोस याच पृष्ठभागावर आपण सुवर्णपदक मिळविले, हेही सांगितले पाहिजे. तथापि ज्या देशाच्या गावोगावी मुले मातीवर हॉकी शिकत होती, त्याला ही महागडी भूमी सहजासहजी परवडणारी नव्हती. त्यातही गंमत अशी की हॉकीचे हे गवत वाढत नसूनही सामन्यापूर्वी त्याला भरपूर पाणी पाजावे लागे. कोरडे राहिले तर ते अंग सोलून काढी.

सांध्याचे दुखणे

मैदानावरून हे गवत घरच्या अंगणात कसे आले, तेही थोडक्यात पाहू. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचे गाव आहे. तेथे १८९५ साली कॅथरीन एव्हान्स नावाच्या तरुणीने जाड सुताचे झुबके ओवून एक पलंगपोस तयार केला. त्या कलेतून घरगुती धंदा, धंद्यातून यंत्रे आणि यंत्रांतून गालिच्यांचे कारखाने निघाले. तीच झुबके ओवणारी यंत्रे पुढे प्लॅस्टिकची पाती ओवू लागली. आखूड नायलॉनच्या जागी लांब आणि मऊ पॉलिएथिलीनची पाती आली, तळाशी वाळलेल्या गवताचा भास व्हावा म्हणून तपकिरी कुरळे धागे आले, आणि जे मैदानावर शोभे ते गच्चीवर आणि अंगणातही शोभू लागले. तेव्हा मावल्याच्या अंगणात अंथरलेली वस्तू ही वस्तुतः एक गालिचा आहे: खाली विणलेले अस्तर, अस्तरातून रांगेने ओवलेले झुबके, आणि ते निसटू नयेत म्हणून पाठीवर लॅटेक्सचा किंवा पॉलियुरेथेनचा लेप. मातोश्रींनी तिला शालीची उपमा दिली ती किती नेमकी होती, हे यावरून दिसून येईल.

गालिच्याचे दुखणे असते सांध्यात. १३ ऑगस्ट २००१ रोजी फिलाडेल्फिया येथील व्हेटरन्स स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलचा एक सराव-सामना भरल्या मैदानात रद्द करावा लागला. बेसबॉलसाठी राखलेल्या जागा झाकणारे गवताचे तुकडे भोवतालच्या पृष्ठभागाशी समपातळीत बसेनात. मधला खाच-खळगा खेळाडूचा गुडघा मोडील, अशी भीती होती. लक्षावधी डॉलरांचे क्रीडागार, आणि ते अडले ते ठिगळापाशी. आपल्या स्नेह्यांची नात ज्या सांध्यात अडखळून पडली, तो सांधा त्याच जातीचा होता.

दुरुस्तीची रीत

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. सांधा उसवला असेल तर प्रथम दोन्ही कडा हळुवार उलटून पाठीवरची धूळ, जुना चिकट थर आणि वाळू झाडून काढावी. खालची जमीन कोरडी असली पाहिजे; म्हणून हे काम पावसाळ्यात आरंभू नये. सांध्याच्या खाली मधोमध वीतभराहून अधिक रुंद जोडपट्टी अंथरावी. हिरवळ विकणाऱ्यांकडे ती मिळते. तिच्या खरखरीत बाजूवर पॉलियुरेथेनचा चिकट लेप दातेरी थापीने सारखा पसरावा. लेप जरा चिकटसर होऊ द्यावा आणि मग दोन्ही कडा जवळ आणाव्या. त्या एकमेकींवर चढू नयेत आणि त्यांच्यामध्ये फटही दिसू नये. झुबक्यांच्या दोन रांगांमध्ये एरवी जेवढे अंतर असते तेवढेच सांध्यात राखावे. पाती लेपात अडकू देऊ नयेत; अडकलेले पाते मग सरळ उभे राहत नाही आणि सांधा लांबूनच ओळखू येतो. शेवटी वाळूच्या पिशव्यांचे वजन ठेवून एक अहोरात्र त्यावर पाय पडू देऊ नये.

जळलेल्या जागेचे काम याहून नाजूक आहे. दोन-चार पात्यांचीच टोके वितळली असतील तर ती कात्रीने छाटली म्हणजे पुरे. परंतु गोळा झाला असेल तर तो घासून किंवा धुऊन निघत नाही. तेवढा तुकडा काढूनच टाकावा लागतो. हिरवळ उलटी करून पाठीकडून, झुबक्यांच्या दोन रांगांमधून, धारदार सुरीने चौकोन कापावा. वरून कापले तर चांगली पाती तुटतात. मग त्याच मापाचा दुसरा चौकोन घ्यावा. येथे दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली, पात्यांचा कल. मखमलीला जसा हात फिरविण्याचा एक रोख असतो, तसा याही गवताला असतो. ठिगळाचा रोख उलटा पडला तर रंग तोच असूनही ते गडद किंवा फिके दिसते. दुसरी, तुकड्याचे मूळ. नवा तुकडा दुकानातून आणला तर तो जुळत नाही, कारण प्रत्येक घाण्याचा रंग थोडा निराळा असतो आणि अंगणातले गवत उन्हाने विटलेले असते. म्हणून अंथरण्याच्या वेळी उरलेले तुकडे जपून ठेवावेत. ते नसतील तर जुना रफूगर जे करी तेच करावे. तो शालीचा धागा शालीच्याच दुमडीतून काढी. आपण तुकडा अंगणाच्याच झाकल्या कोपऱ्यातून घ्यावा, आणि त्या कोपऱ्यात नवा बसवावा.

जमीन खचून खळगा पडला असेल तर वरचे ठिगळ व्यर्थ आहे. काळ्या मातीच्या मुलखात हा दोष फार. हिरवळ गुंडाळून बाजूस घ्यावी, बारीक खडी आणि कच थराथराने घालून धुमसाने ठोकावी, आणि मगच पुन्हा अंथरावी. म्हणजे आजे-पणजे अंगण करताना जे मुरूम-चोपणीचे काम करीत ते येथेही चुकत नाही. पाती नुसतीच झोपली असतील तर कडक, पण तारेच्या नव्हे अशा, झाडूने कलाच्या उलट दिशेने विंचरावी आणि कोरडी बारीक वाळू पेरून ती मुळाशी झाडून घालावी. ही वाळू पात्यांना उभी धरते आणि गालिच्याला वजन देते.

जे वाढत नाही

इतके सांगून झाल्यावर एक गोष्ट मनमोकळेपणाने बोलली पाहिजे. ही हिरवळ 'देखभालीविना' म्हणून विकली जाते. इतिहास पाहता कोणतीच भूमी देखभालीविना राहत नाही. देखभालीचा प्रकार बदलतो आणि ती करणारा माणूस बदलतो. सारवलेल्या अंगणात ते कष्ट घरच्या बाईचे होते, हरळीच्या अंगणात पाण्याचे आणि माळ्याचे. कृत्रिम हिरवळीत ते दहा-पंधरा वर्षे पुढे ढकललेले असतात. जे वाढत नाही ते भरूनही येत नाही. त्याची प्रत्येक जखम कोणीतरी भरावी लागते, आणि शेवटी ते सबंध उचलून कोठेतरी टाकावे लागते. पाती, अस्तर आणि लेप निरनिराळ्या प्लॅस्टिकांचे आणि एकमेकांस चिकटलेले असल्यामुळे त्यांना वेगळे करून पुन्हा उपयोगात आणणे अवघड जाते. मैदानांवरील अशा गवतात वाळूबरोबर रबराचा चुरा घालतात. तो झिजून माती-पाण्यात पसरतो, म्हणून युरोपीय संघाने २०२३ साली अशा प्लॅस्टिक-रबरी भरणीची विक्री २०३१ पासून बंद करण्याचा नियम केला. घरच्या हिरवळीत बहुधा नुसती वाळूच असते. परंतु उन्हाने कडक होऊन तुटणारी पाती तिचीही असतातच.

उन्हाचा विचार तर आदिलाबादेस सर्वांत आधी केला पाहिजे. येथे हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यात पंचेचाळिसापाशी जातो. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ साली आपल्या मैदानावर जी मोजणी केली, तीत सुमारे ३७ अंशांच्या दिवशी कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ९३ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला आढळला. जिवंत गवत पानांतून पाणी सोडून स्वतःला गार राखते. प्लॅस्टिकला ती सोय नाही. शिवाय पॉलिएथिलीन सव्वाशे अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या पुष्कळ आधी मऊ पडते, त्यामुळे खिडकीच्या चकचकीत काचेवरून परावर्तित झालेले ऊनसुद्धा एका जागी पडत राहिले तर तेथे डाग पाडते. अनवाणी मुलाला वैशाखातल्या दुपारी या गवतावर सोडण्यापूर्वी आपल्या हाताचा तळवा त्यावर ठेवून पाहावा. दुसरे कोणतेही मोजमाप नको.

हे सारे ध्यानी घेऊनही, जे अंगणात एकदा अंथरले आहे ते एका डागासाठी उचलून फेकणे हा शहाणपणा नव्हे. फेकलेले गवत कुजत नाही. उलट त्याची जितकी वर्षे वाढवू तितकी नव्या गवताची खरेदी आणि जुन्या गवताची रास, दोन्ही लांबणीवर पडतात. म्हणून त्याला विरोध करणाऱ्यानेही दुरुस्ती शिकून घ्यावी, आणि त्याची आवड असणाऱ्याने तर अवश्य शिकावी. मोडले की टाकावे ही शिकवण आपल्या घरांत नवी आहे. ती गवतापुरती राहत नाही.

आमच्या स्नेह्यांच्या अंगणाचे काय झाले, ते सांगून हे भाषण पुरे करतो. उरलेला तुकडा त्यांच्याकडे नव्हता आणि झाकलेला कोपराही नव्हता. तुकडा कोठून घ्यावा, यावर बराच खल झाला. अखेर मातोश्री म्हणाल्या, "तुळशीभोवतीचे काढा. तिथे मला सडा घालता येत नाही, रांगोळी धरत नाही, त्याचे तुम्हांला कोणाला काही वाटले नाही." वृंदावनाभोवती हातभर रुंदीची पट्टी कापून निघाली. तिच्यातून डागाचे ठिगळ झाले, आणि त्याच दिवशी उसवलेला सांधाही बसविला. ठिगळाचा रोख एकदा चुकला. मातोश्रींनी हात फिरवून तो ओळखला आणि मुलाला पुन्हा फिरवावयास लावला. तुळशीभोवती आता हातभर काळी माती उघडी आहे. तिला पहिल्याच आठवड्यात भेग पडली, आणि ती कशी बुजवावी हे त्या घरात कोणाला विचारावे लागले नाही.